सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया : कुठं बसावं, काय ऐकावं आणि काय अजून उसनं आहे

मराठीत 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो गणपतीतल्या मांडवातला कार्यक्रम : निवेदक, दोन-तीन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत लावलेले स्पीकर. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जो सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया बसतो त्याचा या कल्पनेशी काही संबंध नाही. इथं मोठ्या रचनेला सत्तर-ऐंशी वादक मंचावर असतात, प्रत्येकापुढं लिहिलेली स्वरलिपी असते आणि आवाज लाकूड, पितळ, घोड्याचे केस आणि चामडं यांतून थेट कानावर येतो. या परीक्षणाचा निकाल आधीच सांगतो. तंतुवाद्यांसाठी डोळे झाकून तिकीट काढावं, अशी गुणवत्ता भारतात दुसऱ्या कुठल्याही मंचावर मिळत नाही. सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांची बाजूही बहुतेक वेळा चांगली वाजते, पण ती अजून बरीचशी पाहुण्यांच्या जोरावर उभी आहे. या वाद्यवृंदाची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका गोष्टीतून समजतात, म्हणून ती नीट पाहायला हवी.

संस्था २००६ सालची. एनसीपीएचे पुढं अध्यक्ष झालेले खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी ती उभी केली. बिसेनगालिएव्ह यांनी त्यांच्या देशात वेस्ट कझाकस्तान फिलहार्मोनिक बांधलेला होता. लंडनमध्ये त्याचा कार्यक्रम ऐकून सनटूक यांना मुंबईसाठी कल्पना सुचली. त्यामुळे पहिल्या दिवसापासून या वाद्यवृंदाचा कणा कझाकस्तान आणि जुन्या सोव्हिएत प्रदेशांतल्या वादकांचा राहिला, त्याला भारतीय वादकांची जोड मिळत गेली. व्हायोलिनचा जाड, भरदार, कमान तारेवरून न उचलता ओढलेला सूर हा त्या शाळेचा गुण आहे आणि तो आजही पहिल्या दोन मिनिटांत ओळखू येतो.

पण मुंबईत सिम्फनी वाद्यवृंदाची खटपट २००६ च्या फार आधीची आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. झुबिन मेहतांचे हे वडील. त्याच सुमारास प्रागमधून शिकून आलेले वॉल्टर कौफमान मुंबईत चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या, मैफली भरवत होते. आकाशवाणीची सकाळची ती ओळखधून ज्यांच्या नावावर सांगितली जाते, तेच हे कौफमान. स्वातंत्र्यानंतर परदेशी वादक निघून गेले, मेहली मेहतांनीही देश सोडला आणि तो वाद्यवृंद विरला. १९५८ मध्ये अँथनी गोन्साल्विस यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. रागांवर बेतलेल्या त्यांच्या रचना त्यात वाजल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. संगीतकार प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे शिष्य. तोही प्रयोग फार काळ टिकला नाही. १९६२ पासूनचा बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा मात्र हौशी वादकांच्या बळावर चालत राहिला.

हे प्रयत्न का विरले, हे समजलं तर आजचा ऑर्केस्ट्राही समजतो. मुंबईला व्हायोलिनवादकांची वाण कधीच नव्हती. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलं स्वरलिपी वाचायला शिकत, पोटासाठी मुंबईत येत आणि सिनेमाच्या स्टुडिओत वाजवत. साठ-साठ, शंभर-शंभर वादकांची ध्वनिमुद्रणं होत, त्यात व्हायोलिनचा ताफा मोठा असे. पण स्टुडिओचं काम रोजंदारीचं. तिथं दोन-चार मिनिटांचं गाणं वाजवायचं असतं, अनेक भागांची, चाळीस मिनिटांची सिम्फनी नव्हे. पुढं ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझर आला आणि एका कीबोर्डनं वीस व्हायोलिनांची रोजी घेतली. मुलाला व्हायोलिन हातात देण्याचं कारणच घरात उरलं नाही. म्हणजे नेमका जो वादकवर्ग पगारी वाद्यवृंदाचा पाया झाला असता, तो वाद्यवृंद येण्याआधीच आटला.

सुषिर वाद्यांची गोष्ट आणखी अवघड. लोक विचारतात, नौदलाचा बँड मुंबईत आहे, कुलाब्याला आयएनएस कुंजालीत त्यांची संगीतशाळा आहे, मग तिथले वादक का बसवत नाहीत? बँडची मांडणी वेगळी असते. सिम्फनीत जे काम व्हायोलिन करतं, ते बँडमध्ये क्लॅरिनेटचा मोठा गट करतो. सॅक्सोफोन, युफोनियम ही वाद्यं बँडला रोज लागतात, सिम्फनीला क्वचित. उलट ओबो आणि बसून (bassoon) ही सनईसारखी पातीची वाद्यं, ज्यांच्यावाचून बीथोव्हेनचं एक पानही उलटत नाही, ती बँडमध्ये दुर्मीळ. शिवाय व्हायोलिनच्या गटात एक सूर जरा डळमळला तर बाकीचे तेराजण झाकून घेतात. ओबोची स्वरलिपी एकट्यासाठी लिहिलेली असते. चुकलं तर अकराशे लोकांना ऐकू जातं. म्हणून तंतुवाद्यांच्या मागच्या बाकावर शिकाऊ वादक बसवता येतो, पहिल्या ओबोच्या खुर्चीवर नाही. या खुर्च्या वर्षानुवर्षं बाहेरून भराव्या लागतात त्या यामुळे.

आता ऐकण्याकडं वळू. मुख्य कार्यक्रम वर्षातून दोन सीझनमध्ये होतात, एक फेब्रुवारीच्या आसपास आणि एक सप्टेंबरच्या आसपास. मधल्या काळात इथं राहणाऱ्या वादकांचा चेंबर ऑर्केस्ट्रा छोटे कार्यक्रम करतो. मोठ्या रचना जमशेद भाभा थिएटरमध्ये होतात. हे नाट्यगृह बांधून होत आलं असताना १९९७ मध्ये आगीत गेलं, पुन्हा बांधून १९९९ मध्ये उघडलं. खुर्च्या १,१०९. ते मुळात ऑपेराच्या सोयीनं बांधलेलं आहे : पुढं वादकांसाठी खोलगट जागा आणि मंचाला चौकट. चौकटीच्या मंचावर सिम्फनी वाजवताना आवाजाची एक अडचण असते. वादक मागं सरकले की त्यांचा आवाज वरच्या पडद्यांच्या पोकळीत आणि बाजूच्या विंगांत मुरतो. म्हणून अशा मंचांवर वादकांच्या मागं आणि डोक्यावर कठीण फळ्यांचं कवच उभं करतात आणि वादकांना होईल तितकं पुढं आणतात. तरीही पितळी वाद्यं आणि तालवाद्यं मागं राहतात, त्यांचा आवाज व्हायोलिनांपेक्षा किंचित पोकळ लागतो.

यावरून खुर्ची निवडायची. पहिल्या चार-पाच रांगा टाळाव्यात, तिकीट महाग असलं तरी. तिथून पहिली व्हायोलिनं आणि चेलो कानाशी येतात, पण त्यांच्या मागं बसलेले बासरी, ओबो, क्लॅरिनेट दिसत नाहीत आणि त्यांचा आवाज डोक्यावरून निघून जातो. खालच्या मजल्यावर मधल्या रांगा चांगल्या. बाल्कनीच्या छताखाली येणाऱ्या शेवटच्या रांगांत सूर स्पष्ट येतो पण त्याची आस तुटते, वाद्यं थांबल्यावर नाट्यगृहात जी गुंज उरते ती तिथं पोचत नाही. सर्वांत समतोल आवाज बाल्कनीच्या पुढच्या रांगांत, आणि तिथून वादकही सगळे दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं बाल्कनीच घ्यावी : सूर कुठून उठला हे डोळ्यांना दिसलं की कानालाही लवकर उमगतं. पियानो कॉन्चेर्टो (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) असेल तर सगळे डावीकडं धावतात, कारण वादकाचे हात तिकडून दिसतात. पियानोचं झाकण मात्र श्रोत्यांकडं उघडतं आणि आवाज जास्त करून उजवीकडं फेकतं. हात पाहायचे की सूर ऐकायचा, हे आधी ठरवावं.

वेळेच्या दहा मिनिटं आधी आत बसा आणि सूर जुळवणं ऐका. कार्यक्रमाचा हा भाग लोक बोलण्यात घालवतात. ओबो एक सूर देतो, तो म्हणजे आपली पांढरी सहा, सेकंदाला ४४० आंदोलनं किंवा त्याहून अगदी थोडी चढी. ओबोच का? त्याचा आवाज टोकदार असतो, गर्दीतून निघून कानात घुसतो, आणि मंचावर त्याचा सूर ओढूनताणून बदलणं वादकाला अवघड जातं, म्हणून बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. तानपुऱ्याच्या जागी ओबो, असं समजा. फरक इतकाच की तानपुरा मैफलभर सोबत राहतो, ओबो एकदा सूर देऊन मोकळा होतो आणि पुढचा पाऊण तास प्रत्येकाला तो सूर मनात धरावा लागतो.

आणि मुंबईत तो धरणं कठीण आहे. वातानुकूलित सभागृहात सुषिर वाद्य थंड असताना सूर उतरलेला लागतो, फुंकून आतली हवा तापली की चढतो. ढोबळ हिशेब असा की दर एक अंश सेल्सिअसला सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), म्हणजे सात अंशांनी तापलं की एका प्रमाणश्रुतीइतका, सर्वांत लहान श्रुतीइतका, फरक. तारांचं याच्या उलट होतं, गरम झाल्या की त्या सैलावतात आणि सूर उतरतो. मंचावरच्या दिव्यांखाली पहिली दहा मिनिटं सुषिर वाद्यं वर आणि तारा खाली सरकत असतात. तेवढ्यात ओबो आणि क्लॅरिनेट एकत्र एखादी सुरावट घेत असतील तर त्यांच्यात किंचित फट ऐकू येते. यात वादकांचा हलगर्जीपणा नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला छोटी ओव्हर्चर ठेवण्याच्या रूढीचा इथं एक आयता फायदा होतो, मोठी रचना सुरू होईतो वाद्यं तापलेली असतात.

दमटपणाचा त्रास वेगळाच. कोरड्या, थंड देशातून आलेलं व्हायोलिन सप्टेंबरच्या मुंबईत उतरलं की वरची स्प्रूसची फळी ओल पिऊन फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा पट्टीपासून लांब जातात आणि बोटांना जास्त जोर लागतो. खुंट्या अडकतात. मग तेच वाद्य सभागृहाच्या कोरड्या हवेत तासभर राहिलं की खुंट्या आकसून निसटू लागतात. कडेचे सांधे सरसानं चिकटवलेले असतात, ते ओल-कोरडीच्या खेळात उकलतात. हे एका अर्थी चांगलंच, कारण सांधा उकलला नाही तर फळी तडकली असती. कमानीचे केस दमटपणात लांबतात, म्हणून वादक दर थोड्या वेळानं कमानीचा स्क्रू पिळताना दिसतात. डबल बेसला याची झळ सर्वांत जास्त, त्यामुळे बरेच बेसवादक घोडीच्या पायांत उंची कमी-जास्त करायच्या चकत्या बसवून घेतात. ओबो आणि बसूनच्या वादकांच्या डबीत पाच-सहा पात्या तयार असतात. आपल्या सनईवाल्यासारखंच आहे ते, आज कुठली पाती बोलेल हे हवा ठरवते.

वाद्यवृंदाचा दर्जा जोखायचा असेल तर कार्यक्रमपत्रिकेत रचनेचं नाव पाहताना कोणाला किती काम आहे तेही पाहावं. चायकोव्हस्कीची चौथी सिम्फनी असेल तर सोडू नये. सुरुवातीलाच हॉर्न (गोल वळवलेलं पितळी वाद्य) आणि बसून यांची ललकारी आहे, तिथं लपायला जागाच नाही. हॉर्नमध्ये शेजारचे स्वर इतके जवळजवळ असतात की ओठांचा ताण केसभर बदलला तरी भलताच सूर लागतो. तिसऱ्या भागात सगळी तंतुवाद्यं कमान बाजूला ठेवून फक्त बोटांनी तार छेडतात. पन्नास जणांची छेड एका क्षणी पडली तर टपोर थेंब पडल्यासारखी ऐकू येते, आणि क्षणभर मागंपुढं झाली तर ओंजळभर वाटाणे सांडल्यासारखी. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बसणाऱ्या वाद्यवृंदांना हे सहज येतं. सीझनपुरत्या जमलेल्या वाद्यवृंदाला ते तालमीत कमवावं लागतं.

इथंच या संस्थेचा खरा कच्चा दुवा आहे. नेहमीच्या वाद्यवृंदातही एका कार्यक्रमाला मोजक्याच तालमी मिळतात, पण तिथले वादक एकमेकांना वर्षभर ऐकत असतात. दुसऱ्या क्लॅरिनेटला ठाऊक असतं की पहिला ओबो वाक्याच्या शेवटी श्वास कुठं घेतो. सीझनपुरता एकत्र आलेला ताफा चांगला वाजवतो, चुकत नाही, पण ही ओळख दोन-तीन आठवड्यांत जेमतेम होऊ लागते तेवढ्यात सीझन संपतो. म्हणून सीझनचा पहिला कार्यक्रम घ्यायचा की शेवटचा असा प्रश्न असेल, तर शेवटचा घ्यावा. तोवर कान एकमेकांना सरावलेले असतात.

निर्देशक (कंडक्टर) कोण आहे याचा फरकही इथं नेहमीपेक्षा जास्त पडतो, कारण थोड्या वेळात ताफा जुळवणं हे त्याचं काम. ब्रिटिश निर्देशक मार्टिन ब्रॅबिन्स यांचं नातं या वाद्यवृंदाशी दीर्घ काळचं आहे, झेन दलाल यांचंही. चार्ल्स द्युत्वा इथं येऊन गेले, आणि २०२३ मध्ये झुबिन मेहतांनी हा वाद्यवृंद हाताळला. वडिलांनी ज्या शहरात १९३५ मध्ये वाद्यवृंद बांधायला घेतला, त्या शहरातल्या पगारी वाद्यवृंदापुढं मुलगा उभा राहायला इतकी वर्षं लागली.

वाढ मोजायची तर दौरे पाहावेत. २०१० मध्ये मॉस्को, २०१६ मध्ये स्वित्झर्लंड, फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटन. बर्मिंगहॅमचं सिम्फनी हॉल आणि लंडनचं कॅडोगन हॉल ही नावं साधी नाहीत. ब्रिटनला त्यांनी झाकिर हुसेन यांचा तबला कॉन्चेर्टो 'पेशकार' नेला. तो याच वाद्यवृंदानं लिहवून घेतला आणि २०१५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा वाजवला. हे काम वरून दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे. तबल्याचा दायाँ एका सुराला लावलेला असतो, सिम्फनी मात्र षड्ज बदलत पुढं जाते. वाद्यवृंद दुसऱ्या स्वरावर गेला की तबल्याची 'ना' बेसूर वाटू लागते. रचनाकाराला एक तर मुक्काम त्या सुराभोवती ठेवावा लागतो, नाही तर वेगवेगळ्या सुरांचे तबले मांडावे लागतात. आवाजाचा तोल दुसरी डोकेदुखी : 'धिन'ची आस आठ डबल बेसच्या खाली गडप होते, म्हणून एरवी माइकशिवाय चालणाऱ्या मैफलीत तबल्याला माइक द्यावा लागतो, आणि तो जरा वर गेला की तबला कर्ण्यातून आणि व्हायोलिन लाकडातून असे दोन वेगळे आवाज ऐकू येतात. अशा रचना आणखी लिहवून घ्याव्यात. मोझार्ट आणि चायकोव्हस्की जगात कुठंही ऐकायला मिळतात, हे दुसरीकडं मिळत नाही. कार्यक्रमांची निवड एकूणात मात्र सावध आहे, एकोणिसाव्या शतकाभोवती जास्त घुटमळते. तिकीट खपायला ते सोयीचं, वाद्यवृंदाच्या वाढीला नाही.

२०१२ मध्ये सुरू झालेली संगीत अकादमी हा या संस्थेचा सर्वांत मोलाचा भाग, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं जातं. शिकवण्याची पद्धत रशियन : लहानपणापासून वाद्य, त्याच्या जोडीनं नुसत्या गळ्यानं स्वरलिपी वाचणं, सिद्धान्त आणि समूहवादन. वाद्यवृंदात वाजवणारेच अनेक वादक तिथं शिकवतात. आठ वर्षांच्या मुलाला व्हायोलिन देऊन वाद्यवृंदाच्या खुर्चीत बसवायला बारा ते पंधरा वर्षं लागतात, त्यामुळे २०१२ ची पहिली फळं आत्ता कुठं दिसायला हवीत. ओबो-बसूनला त्याहून वेगळी अडचण : वाद्य महाग, लहान हातांना न पेलणारं, पाती बनवण्याची विद्या वेगळी, आणि एखादा ओबोवादक तयार झाला तरी देशात त्याला बसायला खुर्च्या किती? हॉर्न आणि बसून शिकणाऱ्यांना वाद्य आणि विद्यावेतन दोन्ही दिल्याशिवाय ही बाजू भरणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जायचं ठरलं असेल तर काही गोष्टी. चर्चगेटहून शेअर टॅक्सी सोयीची, कार्यक्रम संपल्यावर मात्र बाहेर गर्दी होते. रचनेचे भाग किती हे पत्रिकेत पाहून ठेवा आणि टाळ्या शेवटच्या भागानंतर वाजवा. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीत तिसरा भाग इतक्या धडाक्यात संपतो की सभागृह हमखास फसतं. खरा शेवट त्यानंतरच्या संथ भागात, बेसच्या सुरात विझत जाऊन होतो. निर्देशकाचे हात खाली येईपर्यंत थांबलं की चूक होत नाही. 'वाहवा' आतल्या आत द्यावी लागते, ख्यालाच्या श्रोत्याला हे जड जातं.

मुलांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीचा कार्यक्रम पाहावा. लांबी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, धुन लगेच ओळखीच्या होतात. दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्नची (नावात हॉर्न असलं तरी हे ओबोचंच मोठं भावंड) संथ सुरावट येते, ती वाजवणारा बाल्कनीतून दाखवता येतो. ट्यूबावाल्याला पूर्ण सिम्फनीत फक्त याच भागात मोजके सूर आहेत. झांजवाल्याला तर शेवटच्या भागात एकच हलका आघात, बाकी सगळा वेळ तो मोजत बसलेला असतो. मुलाला सांगा, त्याच्यावर नजर ठेव आणि तो कधी उठतो ते पकड.